उजवी अर्थनीती, कामगार आणि कुटुंब : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

उजव्या किंवा परंपरावादी अर्थनीतीचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा उद्योगपतींना मिळणाऱ्या सवलतींवर येऊन थांबते. या नीतीत कामगारासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी काय आहे, हा प्रश्न मागे राहतो. पण आज उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर हातावर पोट असलेल्या घरात जे पैसे येतात आणि कामावर जे नियम लागू होतात, त्यांतला मोठा भाग याच विचारातून आला आहे. म्हणून हा विचार काय आहे, तो कुठून आला, त्यातून आपल्याला काय मिळते आणि काय हातचे जाते, हे एकत्र मांडण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

या नीतीचे दोन भाग

कामगार आणि कुटुंब यांच्याबाबत उजव्या अर्थनीतीचे साधारण दोन भाग दिसतात.

पहिला भाग कुटुंबाला थेट आधार देण्याचा. समाजाचा पाया व्यक्ती किंवा वर्ग नसून कुटुंब आहे, असे हा विचार मानतो. त्यामुळे मदतही कुटुंबाला, विशेषतः घरातील स्त्रीच्या हाती, रोख स्वरूपात द्यावी आणि ती कशी खर्च करायची हे घराने ठरवावे, अशी भूमिका असते.

दुसरा भाग मालकावरची बंधने सैल करण्याचा. नियम, परवानग्या आणि तपासण्या कमी झाल्या की उद्योग वाढेल, रोजगार वाढेल आणि शेवटी कामगाराचेच भले होईल, असा त्यामागचा तर्क आहे. मालक आणि कामगार हे एकमेकांचे शत्रू नसून एका कुटुंबाचे घटक आहेत, ही धारणाही याला जोडलेली असते.

हे दोन्ही भाग नेहमी एकत्र येतात. पण त्यांची चर्चा वेगवेगळी होते, आणि त्यामुळे हिशेब चुकतो.

विचाराचा उगम

कामगारांसाठी सरकारी विमा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणला तो समाजवाद्यांनी नव्हे. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क कट्टर परंपरावादी होता. समाजवादी चळवळ रोखण्यासाठी एकीकडे तिच्यावर बंदी घालताना त्यानेच १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघात विमा आणि १८८९ मध्ये वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन कायद्याने आणले. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर पत्रक काढून, मजुरी कामगाराला काटकसरीने जगता येईल इतकी असावी, असा आग्रह धरला. अलीकडे पोलंडमध्ये उजव्या 'कायदा आणि न्याय' पक्षाच्या सरकारने २०१६ पासून मुलामागे दरमहा ५०० झ्लॉटी देण्याची योजना सुरू केली. २०२४ पासून ही रक्कम ८०० झाली आहे.

भारतात या विचाराचे दोन प्रवाह राहिले. १९५९ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र पक्ष सरकारी नियंत्रणाच्या विरोधात आणि खासगी उद्योगाच्या बाजूने होता. दुसरा प्रवाह जनसंघाचा. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार व्याख्याने देऊन 'एकात्म मानववाद' मांडला. 'अंत्योदय' हा शब्द राजकारणात रुजला तो याच प्रवाहातून. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन केला आणि वर्गसंघर्षाऐवजी 'औद्योगिक परिवार' ही कल्पना पुढे केली. आजचे सरकारी धोरण या दोन्ही प्रवाहांचे मिश्रण आहे: रोख मदत दुसऱ्या प्रवाहाची, नियम सैल करणे पहिल्याचे.

किनाऱ्यावरचा कामगार कोण?

पूर्वीचा कुलाबा आणि आताचा रायगड जिल्हा मुंबईच्या दारात आहे. उरणला १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा बंदर आणि त्याभोवतीची गोदामे, पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना, अलिबागजवळ थळचा खत कारखाना, अशी मोठी आस्थापने येथे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर अलिबाग परिसरात बंगले, रिसॉर्ट आणि जमिनीचे व्यवहार आणखी वाढले.

पण या आस्थापनांत काम करणारे सगळेच तिथले कायम कामगार नाहीत. बरेच जण ठेकेदाराकडे आहेत. बाकीचे मासेमारीवर, मिठागरांत, बांधकामावर, वीटभट्टीवर, रिक्षावर. आगरी, कोळी, कुणबी, बौद्ध, मुस्लिम, कातकरी अशा सगळ्या समाजांतली माणसे त्यांत आहेत. जमीन असलेल्या घराला प्रकल्पग्रस्त म्हणून काही मिळू शकले. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांचे बळी गेल्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. पण ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांना प्रकल्पातून मिळू शकणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे काम. त्यामुळे कामाच्या अटी बदलल्या की सगळ्यात आधी फटका बसतो तो भूमिहीन घराला. बौद्ध आणि कातकरी वस्त्यांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

पहिला भाग: घरात येणारी मदत

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना: जून २०२४ मध्ये जाहीर. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या महिलेला दरमहा १,५०० रुपये. श्रीवर्धनच्या आमदार आदिती तटकरे या महिला व बालविकास मंत्री असताना ही योजना सुरू झाली, त्यामुळे या किनाऱ्याशी तिचा वेगळाच संबंध आहे.

प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये.

मोफत धान्य: जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो.

या मदतीला कमी लेखणे चूक आहे. बंगल्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईचे उदाहरण घ्या. औद्योगिक संबंध संहितेत घरगुती सेवा 'उद्योगा'च्या व्याख्येतच बसत नाही. तिचा मालक शनिवार-रविवारपुरता मुंबईहून येतो. राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण मंडळात नोंद झाली म्हणून मालकाकडून रजा किंवा पीएफ मिळत नाही. अशा बाईच्या स्वतःच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये येणे म्हणजे नवऱ्याकडे किंवा सावकाराकडे हात न पसरता गॅस किंवा मुलीची फी भागणे. मध्ये कोणी दलाल नाही. उजव्या नीतीच्या बाजूने सगळ्यात सबळ मुद्दा हाच आहे: ज्याचा मालकच सापडत नाही, त्याच्यापर्यंत जुने कामगार कायदे कधी पोहोचलेच नव्हते.

दुसरा भाग: कामावरचे नियम

केंद्राचे २९ कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या गेल्या: वेतन संहिता (२०१९), औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता (तिन्ही २०२०). २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या.

कामगाराच्या बाजूच्या तरतुदी:

- प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक.
- किमान वेतन ठरावीक यादीतल्या उद्योगांपुरते न राहता सर्व कर्मचाऱ्यांना लागू.
- मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. पूर्वी पाच वर्षांची अट होती.
- भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा आधार वाढतो.
- ॲपवरून काम करणाऱ्यांचा पहिल्यांदाच सामाजिक सुरक्षेच्या कायद्यात उल्लेख.

मालकाच्या बाजूच्या तरतुदी:

- कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी आता ३०० कामगारांपासून पुढे. केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती.
- वीज वापरणाऱ्या ठिकाणी 'कारखाना' म्हणून नियम लागण्यासाठी १० ऐवजी २० कामगार आणि विजेशिवाय २० ऐवजी ४०. किनाऱ्यावरची छोटी बर्फ फॅक्टरी किंवा फॅब्रिकेशनचे वर्कशॉप यातून बाहेर पडू शकते.
- संपाआधी नोटीस देण्याची आणि १४ दिवस थांबण्याची अट आता सर्व औद्योगिक आस्थापनांना. पूर्वी ती सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती होती.
- मुदतीचा करार संपल्यावर काम गेले तर ती 'कपात' धरली जात नाही. म्हणून कपातीची भरपाईही नाही.
- निरीक्षक आता 'निरीक्षक-सह-सुविधाकार' आणि तपासणी संगणकीय निवडीने.

खुद्द भारतीय मजदूर संघानेही २०२० मध्ये वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन संहितांचे स्वागत करताना उरलेल्या दोन संहितांतील अनेक तरतुदींना विरोध केला होता. म्हणजे हा वाद फक्त डाव्या आणि उजव्यांमधला नाही.

मजुरीत कुटुंब आधीपासून आहे

कुटुंबाचा विचार करायचा तर तो फक्त अनुदानात करता येतो असे नाही. भारतात तो मजुरीच्या हिशेबातच बसवलेला आहे. १९५७ च्या १५ व्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवताना एक कमावता माणूस आणि त्याच्यावर अवलंबून कुटुंब मिळून तीन उपभोग-एकक धरावेत, प्रत्येकी २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-वीज वगैरे धरावे, असे सूत्र घालून दिले. ३१ ऑक्टोबर १९९१ च्या रेप्टाकॉस ब्रेट खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ आणि म्हातारपण यांसाठी २५ टक्के भर घालण्यास सांगितले.

या सूत्रातही दोष आहेत. पुरुष १, स्त्री ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६ अशी बेरीज तीन होते. स्त्रीला अवलंबून आणि कमी खाणारी धरले आहे आणि म्हातारे आईवडील हिशेबातच नाहीत. तरीही मूळ तत्त्व मोलाचे आहे: कुटुंब जगवण्याचा खर्च आधी मजुरीतून निघाला पाहिजे. मजुरी अपुरी ठेवून उरलेली खोट सरकारी हप्त्याने भरून काढली, तर ते अनुदान कुटुंबाला मिळते की मालकाला, हा प्रश्न विचारावाच लागतो.

बाबासाहेबांची मांडणी

या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिले होते. मुंबई कायदेमंडळात जुलै १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्यामुळे या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा हे त्यांनी मान्य केले. पण जो मालक त्या स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवतो त्यालाही या भारातून सुटता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला.

याच किनाऱ्यावर दुसरे उदाहरण आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप चालला. बाबासाहेब १९३४ मध्ये चरीच्या शेतकरी परिषदेला आले होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताकडून अडीअडचणीला खावटी मिळत नव्हती असे नाही. पण ती त्याच्या मर्जीवर होती, आणि मर्जी फिरली की जमीनही जात होती. कुळाची मागणी जास्त खावटीची नव्हती, जमिनीवरच्या हक्काची होती.

एका घराचा हिशेब

समजा एक स्त्री रिसॉर्टमध्ये किंवा कारखान्याच्या कँटीनमध्ये दरमहा १५,००० रुपयांवर काम करते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते आणि २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कर्मचारी तिच्यात येतो. तिच्या पगारातून ०.७५ टक्के म्हणजे ११२ रुपये ५० पैसे कापले जातील आणि मालक ३.२५ टक्के म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे भरेल. आधीच्या दोन सलग अंशदान-कालावधींत ७० दिवसांचे अंशदान भरलेले असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी तिला २६ आठवडे पूर्ण वेतन मिळते. ही रक्कम साधारण ९० हजार रुपये होते. शिवाय तिच्यासह अवलंबून कुटुंबाचा दवाखान्याचा खर्च योजनेत येतो, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते.

हीच स्त्री ठेकेदाराच्या वहीत नोंद नसलेली, रोख पगारावर असेल तर तिला मातृवंदना योजनेचे ५,००० मिळतील. त्यात लाडकी बहीणचे वर्षाचे १८,००० धरले तरी २३,००० होतात. म्हणजे कागदावर नोंद नसल्याने एका बाळंतपणात घराचे जवळपास ६७ हजार रुपये जातात.

दुसरे उदाहरण ग्रॅच्युइटीचे. वेतन १३,००० असेल तर सूत्राप्रमाणे (१५ भागिले २६) दर वर्षाला ७,५०० रुपये जमतात. मुदतीचा करार अकरा महिन्यांचा केला आणि मध्ये खंड पाडला की एक वर्ष भरत नाही. हक्क कायद्यात राहतो आणि घरात काहीच येत नाही.

मदत आणि हक्क यांतला फरक

एखादी मदत कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पैसे कोण देतो? ती मदत कोण थांबवू शकतो? आणि थांबली तर दाद कुठे मागायची?

लाडकी बहीण योजना शासन निर्णयाने आली. निकष बदलणे, छाननी करणे किंवा रक्कम बदलणे शासन निर्णयानेच होऊ शकते. ईएसआय, पीएफ आणि किमान वेतन कायद्याने आले आहेत. मालकाने ते दिले नाहीत तर दावा करता येतो.

योजनेचा हक्क होऊ शकतो, याचीही उदाहरणे आहेत. अंत्योदय अन्न योजना वाजपेयी सरकारने डिसेंबर २००० मध्ये सुरू केली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ती हक्कात बदलली. त्याच कायद्यात गर्भवतीला किमान ६,००० रुपयांची तरतूद आहे, तरी पहिल्या अपत्याला मातृवंदना योजनेतून ५,००० च मिळतात. महाराष्ट्राची १९७२ ची रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायदा झाली आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याचा आधार ठरली. त्या कायद्याच्या जागी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० वरून १२५ झाले, पण खर्चात राज्याचा वाटा ४० टक्के झाला आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत काम थांबवण्याची मुभा आली.

आणखी एक मार्ग महाराष्ट्रानेच दाखवला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यात मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ कामगाराला मजुरी, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस देते. कामगाराला एकच कायम मालक नसला तरी त्याचा हक्क बुडत नाही. ठेकेदार सतत बदलणाऱ्या किनारपट्टीला हे तत्त्व जास्त जवळचे आहे.

वाचकांनी काय तपासावे

१. नेमणूकपत्र मागून घ्यावे. त्यावर कामाला लागल्याची तारीख, वेतन आणि मालकाचे नाव आहे का ते पाहावे.

२. पीएफचा यूएएन क्रमांक आणि ईएसआयचा विमा क्रमांक स्वतःजवळ ठेवावा. पगारातून कापलेली रक्कम भरली जाते का, हे उमंग ॲपवर पाहता येते.

३. ठेकेदाराने मजुरी थकवली तर, ठेका कामगारांच्या तरतुदी लागू असलेल्या ठिकाणी (संहितेनुसार ५० किंवा अधिक ठेका कामगार), ज्याच्या आवारात काम केले तो मूळ मालक ती देण्यास जबाबदार असतो.

४. काम सोडल्यास किंवा काढल्यास वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत हिशेब मिळाला पाहिजे.

५. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केले असेल तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करावी. त्याचा निधी बांधकाम खर्चावरच्या उपकरातून येतो, म्हणून तो कामाशी जोडलेला हक्क आहे.

६. लाडकी बहीण, मातृवंदना आणि रेशन यांची कागदपत्रे, ई-केवायसी आणि आधार जोडणी वेळेवर करून घ्यावी. हक्काची मागणी करायची म्हणून मिळणारी मदत सोडण्याचे कारण नाही.

महिन्याचे १,५०० रुपये दिसतात, म्हणून त्यांची चर्चा होते. न भरलेला पीएफ, न मिळालेले नेमणूकपत्र आणि अकरा महिन्यांचा करार दिसत नाहीत. पुढच्या वेळी वस्तीत कोणी योजनेचा फॉर्म भरायला बसले, तर त्याच बैठकीत घरातल्या कमावत्या माणसांची पगाराची पावतीही बाहेर काढायला सांगावी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की घराला काय मिळाले आणि काय बुडाले ते कळेल.